भरतपूरचे पाणी, सायबेरियाचे क्रौंच

भरतपूरच्या केवलादेव घना पक्षी उद्यानाच्या मधोमध, महादेवाच्या जुन्या देवळाजवळ, काही दगडी फलक उभे आहेत. एरवी अशा शिळांवर राजाचे दान, देवळाचा जीर्णोद्धार नाहीतर लढाईतले यश कोरलेले असते. इथे तारखा आहेत, मानाच्या पाहुण्यांची नावे आहेत, बंदुका किती होत्या ते आहे आणि शेवटी पाडलेल्या पक्ष्यांची संख्या आहे. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या वेळी झालेल्या शिकारीपासून ही यादी सुरू होते आणि १९६४ पर्यंत येऊन थांबते. १२ नोव्हेंबर १९३८ या तारखेपुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांचे नाव आहे आणि आकडा आहे ४,२७३. एका दिवसातले पक्षी.

इथल्याच पाण्यात दर हिवाळ्याला सायबेरियन क्रौंच उतरत. शिकारीच्या त्या दिवसांतही ते येत राहिले. अभयारण्य झाले, बंदुका थांबल्या, राष्ट्रीय उद्यान झाले, जागतिक वारशाच्या यादीत नाव लागले, आणि त्यानंतर ते यायचे थांबले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. संरक्षण वाढत गेले आणि पक्षी कमी होत गेले, ही गोष्ट ऐकणाऱ्याला आधी खरीच वाटत नाही. ती समजून घ्यायची तर आधी भरतपूरच्या पाण्याची कुळकथा सांगावी लागते. हे तळे निसर्गाने आयते दिलेले नाही. अडीचशे वर्षे माणसाने ते भरले आणि राखले आहे.

मराठी वाचकाला भरतपूर तसे परके नाही. १७५४ च्या मार्चमध्ये भरतपूरजवळच्या कुम्हेरच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडला आणि अहिल्याबाईंवर वैधव्य आले. तो किल्ला जाट राजा सूरजमलचा. पुढे सातच वर्षांनी, पानिपतावर मराठी फौजेची धूळधाण झाल्यावर, उपाशी, जखमी, थंडीने गारठलेले लोक दक्षिणेच्या वाटेला लागले. त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमलने. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई आणि तरुण नाना फडणवीस त्याच वाटेने परत आले. जुने वैर असूनही दाखवलेली ही माणुसकी महाराष्ट्राने कायम लक्षात ठेवावी अशी आहे.

सूरजमलने आणखी एक काम केले, ज्याचा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत उल्लेखही नसतो. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी पावसाळ्यात भरतपूरच्या सखल प्रदेशात पसरत असे. ते आवरण्यासाठी त्याने अजान बांध घातला. बांधामुळे शहर पुरापासून वाचू लागले आणि बांधाखालचा खोलगट भाग पावसाळ्यात पाण्याने भरू लागला. पाणी ओसरताना गवत वाढे, गुरे चरत, बाभळी आणि कदंब माजत. हेच ते घना. दाट झाडीवरून पडलेले नाव आजही गावात चालते.

पाणी हे भरतपूरचे शस्त्रही होते. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात आश्रयाला होते, तेव्हा इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने चार वेळा निकराचा हल्ला केला आणि चारही वेळा त्याला माघार घ्यावी लागली. मातीच्या जाड भिंतीत तोफेचे गोळे रुतून बसत आणि भिंतीभोवतीच्या खंदकात पाणी खोल होते. वीस वर्षांनी लॉर्ड कॉम्बरमिअर आला तो हा धडा शिकूनच. डिसेंबर १८२५ मध्ये त्याने सर्वांत आधी मोती झील या तळ्याचा बांध ताब्यात घेतला, खंदकात सोडले जाणारे पाणी बंद केले आणि मग वेढ्याला हात घातला. जानेवारी १८२६ मध्ये किल्ला पडला. इथे पाण्याची मोरी ज्याच्या हाती, त्याचे राज्य, हे तेव्हाच ठरून गेले.

एकोणिसावे शतक संपता संपता मोरवीचे राजपुत्र हरभामजी भरतपूरचा कारभार पाहत होते. बदकांच्या शिकारीसाठी राखलेले तळे ही विलायती कल्पना त्यांनी इथे आणली. अजान बांधाचे पाणी घनात आणण्यासाठी कालवा खोदला गेला, आतल्या सखल भागाचे लहानमोठ्या बांधांनी तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकड्याला झडपा बसवल्या. कुठे गुडघाभर पाणी ठेवायचे, कुठे कंबरभर, हे आता माणूस ठरवू शकत होता. शिकारी साहेबांच्या मचाणांसमोर बदके यावीत म्हणून ही सारी आखणी होती. पण उथळ, ठरावीक खोलीचे आणि मार्चपर्यंत टिकणारे पाणी ही लांब पायांच्या, पाण्यात चालून खाणाऱ्या पक्ष्यांचीही गरज असते. बगळे, करकोचे, चमचे, सारस आणि क्रौंच यांना ते पाणी असे अनायासे मिळाले.

स्वातंत्र्यानंतर हे तळे जवळजवळ गेलेच होते. संस्थान विलीन झाले आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की राजाची शिकार संपली, आता पाणी काढून जमीन आम्हाला द्या. मागणी गैर नव्हती; देशात धान्याची टंचाई होती. त्या वेळी मुंबईचे सलीम अली मध्ये पडले. १८९६ साली मुंबईत जन्मलेला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घडलेला हा माणूस भरतपूरला पूर्वीपासून येत-जात होता. त्यांनी हे प्रकरण थेट पंडित नेहरूंच्या कानावर घातले. १९५६ मध्ये केवलादेवला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत राहिला. पुढे सोसायटीने इथे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले आणि भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत प्रदेशात सापडू लागली. हिमालयापलीकडून पक्षी येतात हे लोकांना माहीत होते. आता त्याला पत्त्यानिशी पुरावा मिळाला.

आता त्या पक्ष्याकडे वळू. सायबेरियन क्रौंच उभा राहिला की चार-साडेचार फूट भरतो. अंग दुधासारखे पांढरे, चेहरा आणि चोच विटकरी लाल, पाय गुलाबीसर. पंखांची टोके काळी असतात, पण पंख मिटलेले असताना ती झाकलेली राहतात. पक्षी उडाला की एकदम दिसतात. पिल्लू दालचिनीच्या रंगाचे, आणि पहिल्या हिवाळ्यात त्या तांबूस पिसांतून पांढरी पिसे डोकावू लागतात. भरतपूरला ही कुटुंबे आपापला पाण्याचा तुकडा धरून राहत: नर, मादी आणि बहुधा एकच पिल्लू. मादी दोन अंडी घालते, पण त्यातले एकच पिल्लू मोठे होते. दुसरा क्रौंच हद्दीत शिरला तर जोडी मान उंचावून एका सुरात ओरडून त्याला बजावत असे. त्यांचा आवाज इतर क्रौंचांसारखा घुमणारा नसतो. तो बासरीच्या अंगाचा, बारीक आणि मऊ असतो.

खाणे पाहण्यासारखे. पक्षी पाण्यात उभा राहून मान पार बुडवतो, चोचीने चिखल उकरतो, पुन्हा पुन्हा त्याच जागी उकरत राहतो आणि शेवटी चिखलातून एक लहानसा कंद काढतो. १९७० च्या दशकात रॉन सॉई हा अमेरिकी अभ्यासक भरतपूरला राहून हेच पाहत होता. जॉर्ज आर्चिबाल्ड यांच्यासह १९७३ मध्ये इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन उभी करणाऱ्या दोघांपैकी हा एक. क्रौंचांचे इथले मुख्य अन्न म्हणजे नागरमोथ्याचे कंद, हे त्याच्या अभ्यासातून पुढे आले. दिवाळीच्या उटण्यात आपण घालतो तोच हा नागरमोथा. पाच हजार किलोमीटर उडून आलेला पक्षी याच्यासाठी चार-पाच महिने चिखल उपसत असे. म्हणून त्याला पाणी फार खोल चालत नाही आणि चिखल मऊ असावा लागतो. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट या चिखलापाशी येते.

हिंदुस्थानात हा पक्षी पूर्वी भरतपूरपुरता नव्हता. जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने सायबेरियन क्रौंचाचे चित्र काढले, ते आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपच्या विज्ञानात या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन पीटर पालास याने १७७३ मध्ये केले. मन्सूरचे चित्र त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. एकोणिसाव्या शतकात ॲलन ह्यूम याला हे क्रौंच यमुनेकाठी इटावा जिल्ह्यात दर हिवाळ्यात दिसत. ह्यूम तिथला कलेक्टर होता. १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले त्यामागचा ह्यूम तो हाच. बंदुकीने टिपलेल्या क्रौंचांची पोटे तपासून हा पक्षी इथे असताना वनस्पतींवरच जगतो असे त्याने नोंदवले, आणि त्यांच्या कुटुंबांवर जिव्हाळ्याने लिहिले. नागपूर भागातूनही या पक्ष्याची जुनी नोंद आहे. गंगा-यमुनेच्या खोऱ्यातली उथळ तळी शेतीखाली गेली, काही आटवली गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भरतपूर हेच त्यांचे भारतातले मुख्य ठिकाण उरले. १९६० च्या दशकात इथे सुमारे दोनशे क्रौंच येत. १९८४-८५ च्या हिवाळ्यात ४१ मोजले गेले. म्हणजे घसरण सुरू झालीच होती.

या घसरणीच्या काळातच १९८२ उजाडले. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले, आणि कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. घनाभोवतीच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होत्या. नोव्हेंबरमध्ये चराई एकाएकी बंद झाली. पर्यायी कुरण दिले गेले नाही. गावकरी विरोधाला उभे राहिले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मेले. पक्ष्यांच्या नावाने माणसे मारली गेली, ही या उद्यानाच्या इतिहासातली सर्वांत काळी नोंद आहे आणि ती कोणत्याही दगडावर कोरलेली नाही.

चराईबंदीला सलीम अलींसह अनेक निसर्गप्रेमींचा पाठिंबा होता. म्हशी पाणी गढूळ करतात, घरटी तुडवतात, गवत संपवतात, अशी सर्वांची समजूत होती. तिची शहानिशा मात्र कोणी केली नव्हती. ती केली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथे पाण्याचा, गवताचा, माशांचा आणि पक्ष्यांचा सलग अभ्यास झाला, आणि निष्कर्ष समजुतीच्या उलट निघाला. म्हशी गेल्यावर पाणगवत इतके माजले की उघडे पाणी झाकले गेले. बदकांना उतरायला जागा उरेना. मासे कमी झाले. गवताच्या मुळ्यांची जाळी झालेल्या चिखलातून कंद उकरणे क्रौंचांनाही अवघड झाले असणार. शेजारच्या गावांतले लोक आणखी एक गोष्ट सांगतात: पूर्वी ते घनात वाळ्याची मुळे खणायला जात, त्या खणण्याने जमीन भुसभुशीत होई आणि क्रौंचांना तिथे चरणे सोपे जाई, खणणे बंद झाले आणि क्रौंच गेले. एकट्या या कारणाने एवढी मोठी घसरण झाली असे म्हणता येणार नाही. पण त्या माणसांनी पक्षी किती जवळून पाहिला होता हे त्यातून कळते. त्यांना १९८२ आधी कोणी विचारले असते तर?

सोसायटीचे इथे मनापासून कौतुक करायला हवे. ज्या बंदीला आपल्याच ज्येष्ठाने पाठिंबा दिला होता ती चुकली, हे तिने पुराव्यानिशी जाहीरपणे मांडले. विज्ञानाची निष्ठा अशीच असावी लागते.

तरी क्रौंचांच्या नाशाचे मोठे कारण भरतपूरच्या बाहेर आहे. हे पक्षी पश्चिम सायबेरियात, ओब नदीच्या खोऱ्यातल्या कुनोवात भागातल्या दलदलीत पिल्ले वाढवत. तिथून निघून मध्य आशिया ओलांडत ते अफगाणिस्तानात गझनीच्या दक्षिणेला असलेल्या आब-ए-इस्तादा या खाऱ्या तळ्यावर थांबत आणि मग पाकिस्तानवरून भरतपूरला पोहोचत. याच तळ्याचे वर्णन बाबराच्या आत्मचरित्रात आहे. काबूलच्या मुलखात उडत्या पक्ष्यांवर दोर टाकून ते धरण्याची कला होती, तीही त्याने लिहून ठेवली आहे. ही कला मेली नाही. पाकिस्तानच्या सरहद्द भागात, कुर्रमच्या खोऱ्यात, विसाव्या शतकातही शिकारी रात्री पाळीव क्रौंच बांधून ठेवत. त्यांच्या हाकेने वरून जाणारे थवे खाली येत आणि टोकाला शिसे लावलेले दोर त्यांच्यावर फेकले जात. तिथे मुख्यतः साधे क्रौंच आणि कांड्या करकोचे पकडले जात, पण अंधारात फेकलेला दोर जात पाहत नाही. १९७९ नंतर अफगाणिस्तानात युद्ध पेटले आणि घरोघरी बंदुका आल्या.

सायबेरियन क्रौंचासारख्या पक्ष्याला एवढे पुरते. हा पक्षी फार जगतो. वुल्फ नावाचा एक नर क्रेन फाउंडेशनमध्ये ऐंशीच्या पुढे जगून १९८८ मध्ये वारला. ज्याचे आयुष्य लांब आणि पिल्लू वर्षाला जेमतेम एक, त्याच्या थव्यातून दरवर्षी दोन-चार प्रौढ पक्षी मारले गेले तरी ती तूट भरत नाही. त्यातून वाट आईबापांबरोबर उडूनच शिकायची असते. म्हातारे गेले की वाटही गेली.

१९९३-९४ च्या हिवाळ्यात भरतपूरला एकही सायबेरियन क्रौंच आला नाही. त्याच काळात बंदिवासात वाढवलेली पिल्ले भरतपूरला आणून सोडण्याचे प्रयोग झाले. पिल्ले जगली, चरली, पण वसंतात उत्तरेकडे निघाली नाहीत. त्यांना वाट दाखवणारे कोणी नव्हते. ज्या देशांवरून हा पक्षी उडतो त्यांच्यात १९९३ मध्ये त्याच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय समझोताही झाला. करार योग्य होता. तो वीस वर्षे उशिरा झाला. दोन हिवाळे रिकामे गेल्यावर चार पक्षी पुन्हा दिसले, मग तीन, मग दोन. त्यानंतर कोणीच नाही.

या जातीचा पूर्वेकडचा थवा अजून आहे. याकुतियात वाढणारे ते काही हजार पक्षी हिवाळ्यात चीनच्या पोयांग सरोवरावर जातात. पश्चिमेकडे इराणच्या फेरेदूनकेनारमध्ये ओमीद नावाचा एकटा नर २००७ पासून वर्षानुवर्षे येत राहिला. २०२३ मध्ये त्याच्यासाठी बेल्जियमहून रोया नावाची मादी आणली गेली.

भरतपूरकडे परत येताना पाण्याचाच प्रश्न पुन्हा समोर येतो. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले आणि अजान बांधाकडे येणारे पाणी तुटले. २००४ च्या सुमारास घना कोरडा पडला. धरणाचे पाणी उद्यानाला सोडायला वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता आणि सरकारने त्यांची बाजू घेतली. जागतिक वारशाचा दर्जा जाण्याची चर्चा सुरू झाल्यावर हालचाली झाल्या. गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या नळातून पाणी आणण्यात आले. पण नदीच्या पुराबरोबर गाळ, मासे, त्यांची अंडी, बिया हे सारे येत असे. नळातून नुसते पाणी येते. कॉम्बरमिअरने जे एकदा केले ते आता नकाशावर रेघ ओढून कायमचे झाले आहे.

महाराष्ट्रात नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ओळखले जाते. तुलना लोकांना सौंदर्यापुरती सुचते. ती इतिहासालाही लागू आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. त्यात गाळ साचला, उथळ जागा तयार झाल्या, लव्हाळे वाढले आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, २०२० मध्ये राज्याचे पहिले रामसर स्थळ झाले. हिवाळ्यात साधे क्रौंच आजही तिथे दिसतात. त्या बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडायचे, आवर्तन कधी सोडायचे आणि किती, हे सिंचनाच्या गरजेनुसार ठरते. पाणी किती खोल असले म्हणजे कोणता पक्षी कुठे चरतो, हे तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना आणि काठावर गुरे चारणाऱ्यांना ठाऊक आहे. नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्यांनी दुर्बिणीतून पक्षी पाहून परतू नये. दरवाज्यांचे वेळापत्रक कोण ठरवते ते विचारावे, काठावरच्या गावांत बसून तिथल्या लोकांचे ऐकावे, आणि पाणीवाटपाच्या बैठकीत या दोघांना एकत्र बसवण्याचा आग्रह धरावा. भरतपूरला हे १९८२ च्या आधी व्हायला हवे होते. नांदूर मध्यमेश्वरला अजून वेळ आहे.